डाव्या दाराची बिजागरी

१

माणसांसारखे गाड्यांचेही जन्मदाखले असतात, असं सांगितलं तर लोक हसतात. हसू देत. ताईचं पोट गेली एकवीस वर्षं त्याच दाखल्यांवर चाललं होतं. धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा, त्याच्यामागून सगळेच म्हणायला लागले, तेव्हा आपणही ताईच म्हणू.

कारखाना बंद पडून तीस वर्षं झाली होती. यंत्रं गेली, छपरं गेली. राहिली ती फाटकाजवळची एक दुमजली इमारत. खाली काटाघर, म्हणजे जिथे तयार गाडी वजनाला उभी करायचे ती जागा, आणि वर दप्तर. या कारखान्याने दोन सीटांच्या, बुटक्या, वाऱ्यासारख्या पळणाऱ्या गाड्या केल्या होत्या, सगळ्या मिळून तीन हजार एकशे आणि काही. प्रत्येक गाडीचं एक जाड पिवळं कार्ड दप्तरात होतं. चासी नंबर, इंजिन नंबर, मूळ रंग, रस्त्यावरच्या चाचण्या, पुढे दुरुस्तीला आली तर काय बदललं ते. हौशी लोक लांबून पत्रं पाठवायचे. स्वतःच्या पणजोबांचं नाव विचारलं तर हे लोक डोकं खाजवतील, पण गाडीत मूळचंच इंजिन आहे ना, या काळजीने त्यांना जेवण जात नसे. ताई कार्ड काढायची, नंबर ताडून पाहायची, दाखला लिहायची आणि शिक्का मारायची.

कार्डांखेरीज एक मालकांचं रजिस्टर होतं. प्रत्येक गाडीला त्यात एक पान, आणि पानावर मालकांच्या ओळी, प्रत्येक ओळीसमोर त्या त्या माणसाची सही. ताईच्या आधीच्या जुन्या साहेबांनी जाताना तिला दोनच नियम सांगितले होते. एक, मालकांच्या ओळीत खंड पडू द्यायचा नाही. दोन, आधी कार्ड शेवटपर्यंत वाचायचं, मग नवं नाव चढवायचं.

एकवीस वर्षांत दुसरा नियम तिने एकदाच मोडला, आणि तोही सख्ख्या भावासाठी. धाकट्याने भंगाराच्या वाड्यातून एक राखी रंगाची गाडी उचलली होती. तो तंत्रशाळेत ड्रॉइंग शिकवायचा, हात सोन्याचे. तीन वर्षं घासून-पुसून त्याने ती उभी केली. दोन महिन्यांपूर्वी तो पेढ्यांऐवजी कारखान्याच्या चिन्हाची घासून लखलखीत केलेली पाटी घेऊन दप्तरात आला, तेव्हा ताईने कौतुकाने रजिस्टर उघडलं, रिकाम्या ओळीवर स्वतःच्या हाताने त्याचं नाव लिहिलं आणि त्याची सही घेतली. घरचं कार्य, त्यात कसली आलीय तपासणी.

आता पुढच्या महिन्यात जुन्या गाड्यांच्या क्लबची फेरी होती आणि धाकट्याला दाखला हवा होता. म्हणून त्या सकाळी ताईने पहिल्यांदा ते कार्ड पुरतं वाचायला घेतलं. इंजिन तेच, रंग तोच. सगळं छान. फक्त दुरुस्तीच्या रकान्यात एक गोष्ट तिला खटकली. 'डाव्या दाराची बिजागरी झिजली, बदलली.' चार वर्षांनी पुन्हा तेच. मग मालक बदलला, तरी पुन्हा तेच. एकूण सात वेळा.

स्टिअरिंग उजवीकडे असलेल्या गाडीत रोज उघडतं ते उजवं दार. त्याची बिजागरी एकदाही बदललेली नव्हती.

२

दाखल्यावर गाडीचं सध्याचं वजन लिहायची पद्धत होती, म्हणून धाकटा दुपारी गाडी घेऊन आला. ताई वरच्या खिडकीतून बघत होती. गाडी काटाघरासमोर थांबली. धाकटा उतरला, बोनेटला वळसा घालून डाव्या बाजूला गेला आणि त्याने दार उघडलं. दाराची कड धरून तो बाजूला उभा राहिला. आत कुणी नव्हतं, सीट पुरती दिसत होती. पाच-सात सेकंद गेले. मग गाडीची डावी बाजू स्प्रिंगवर बोटभर वर आली, आणि त्याने दार हळूच लावून घेतलं.

ताई खिडकीशीच उभी राहिली. उन्हाने डोळे दिपले असतील, असं तिने स्वतःला सांगितलं. ऊन नव्हतं.

खाली काटेकाका काट्यांवरची धूळ पुसत होते. कारखाना चालू असताना हेच वजनं घ्यायचे. आता ऐंशीच्या पुढे गेले होते, मागच्या चाळीत राहायचे, आणि कुणी विचारो न विचारो, आठवड्यातून दोनदा येऊन काट्यांना तेल घालून जायचे. चार चाकांखाली चार काटे. डावीकडचे दोन आणि उजवीकडचे दोन यांची बेरीज जवळपास सारखी आली पाहिजे, नाहीतर असली गाडी वळणावर दगा देते.

"कुणाला बसवून आणलंस काय रे?" ताईने जिना उतरता उतरता सहज विचारलं.

"मी? नाही. का?"

"दार उघडलंस ते."

"कुठलं?" धाकटा म्हणाला, आणि मग त्याचे कान लाल झाले. लहानपणी खोटं बोलताना व्हायचे तसे. "सवय लागलीय गं. काहीतरीच."

तरी त्याने नकळत पुन्हा डावं दार उघडलं, थांबला, लावलं आणि मग गाडी काट्यांवर चढवली. धाकटा लांब जाऊन उभा राहिला. काटेकाकांनी उजवीकडचे आकडे सांगितले, ताईने लिहून घेतले. डावीकडचे आकडे त्यांनी पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले, आणि बाजूला झाले. ताईने स्वतः वाकून वाचले. कारखान्यातून बाहेर पडताना जे वजन होतं, त्यापेक्षा डाव्या बाजूला चौदा किलो जास्त.

"दारात काहीतरी भरलंयस तू. गंजाला मसाला लावलास का?" ताई म्हणाली.

"सगळं मूळचंय, ताई. तुझ्या भावाला एवढंच ओळखलंस होय?" तो हसला. हसताना त्याच्या गालाची हाडं वर आली. त्याने पँट सावरली, तेव्हा पट्ट्याला टोच्याने पाडलेली दोन नवी भोकं तिला दिसली.

"खातोयस ना नीट?"

"तुझी भावजय उपाशी ठेवते असं सांगू का तिला?"

काटेकाका कधी निघून गेले ते दोघांनाही कळलं नाही.

३

एरवी ताई पाच वाजता कुलूप लावायची. त्या आठवड्यात ती दुपारचा डबाही टेबलावरच विसरू लागली.

कार्डाला जोडलेली पाकिटं तिने एकेक करून उघडली. पहिला मालक औषधांच्या दुकानाचा, अविवाहित. दुसरा नकाशे काढणारा, बायको परगावी. तिसरी पियानो शिकवणारी बाई, एकटी. गाडी दर दोन वर्षांनी कारखान्यात यायची आणि दर वेळी वजन व्हायचं. औषधवाल्याच्या काळात डावीकडे सहा किलो, मग पंधरा, मग सव्वीस, मग पस्तीस. त्यापुढे त्याची सही नाही, 'मालकाच्या पश्चात' असा शिक्का. नकाशेवाल्याचं नाव चढलं, त्या दिवशी वजन पुन्हा बरोबर. मग आठ, एकोणीस, तीस. पुन्हा शिक्का.

एखाद्याचा कुत्रा असेल, ताई म्हणाली. ती एकटी असली की स्वतःशी मोठ्याने बोलायची. कुत्र्याला लोक दार उघडून देतात. नकाशेवाल्याकडे अवजारांची पेटी असेल. बरं, पण गाडी वजनाला लावताना आत कुत्रा कोण ठेवील? आणि माणसं काय, मरतातच. कुणी पंच्याहत्तराव्या वर्षी मरतं, कुणी त्रेचाळिसाव्या. तिने पाकिटातले जन्माचे दाखले पाहिले. औषधवाला त्रेचाळीस, नकाशेवाला एकेचाळीस. धाकट्याला चव्वेचाळिसावं लागलं होतं.

 उगीच शेजारच्या रॅकमधली दहा कार्डं काढून तिने तीही तपासली. कुठेच नाही. डावी बिजागरी नाही, वजन नाही. माणसं म्हातारी होऊन मेली होती.

पियानोवालीच्या पाकिटात एक पत्र होतं, अक्षर रेषेवरून घसरलेलं. 'माझ्या नावावरून गाडी काढावी ही हात जोडून विनंती. गाडी तुमच्या आवारात पोहोचती केली आहे. किल्ली सोबत आहे. कृपा करून मला पुन्हा दाखवू नये, मी मागेन.' त्याखाली वर्षभरानंतरचं दुसरं पत्र, आभाराचं. आता प्रकृती सुधारली आहे, वजन भरलं आहे, पण चैन पडत नाही.

रजिस्टरमध्ये तिच्या खालची ओळ होती, 'कारखान्याच्या ताब्यात.' समोर जुन्या साहेबांची सही. आणि समासात, पेन्सिलीने, त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात: 'रिकामी ओळ ठेवून पाहिली. तीन आठवडे. उपयोग नाही, बाईंचं घटतच राहिलं. कुणाची तरी सही लागते.'

ताईला साहेबांची शेवटची भेट आठवली. किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात देताना त्यांचं मनगट शर्टाच्या बाहीत सापडत नव्हतं. पोटाचा आजार असेल, असं तेव्हा सगळे म्हणाले होते. ते गेले आणि पुढच्या आवराआवरीत गाडी भंगारात गेली. त्यांच्या सहीखाली एक ओळ मोकळी पडून होती, एकवीस वर्षं. म्हणूनच असेल, आधी चार वर्षांत भरायचं ते आता दोन महिन्यांत भरलं होतं. साहेबांनी कार्ड आधी वाचायला सांगितलं होतं ते कशासाठी, हे आता तिला कळलं, आणि धाकट्याचं नाव आपण किती वळणदार अक्षरात लिहिलं तेही आठवलं.

४

काटेकाका चाळीच्या पायरीवर बसले होते. ताईने सरळ विचारलं. आडवळण घ्यायचा तिचा स्वभावच नव्हता.

"मला काही माहीत नाही, ताई," ते म्हणाले. "मी वजनं घेणारा माणूस. आकडा काय तो सांगतो. आकडा का, ते साहेबलोक सांगतात."

"साहेबलोक मेले. माझा भाऊ जिवंत आहे अजून."

 काका उठले, काठी घेतली आणि तिला काटाघरात घेऊन गेले. मागच्या भिंतीला टेकून लाकडी फळ्या उभ्या केल्या होत्या. त्यांनी दोन बाजूला सारल्या. भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेल्या नावांचे आणि आकड्यांचे रकाने होते.

"सुट्टीत टवाळक्या चालायच्या आमच्या. काट्यावर उभं राहायचं आणि वजन लिहायचं. कुणाचं पोट सुटलं, कुणाचं लग्न झालं, सगळं भिंतीवर." त्यांनी काठीच्या टोकाने एक रकाना दाखवला. "हा आमचा चाचणीवाला. रस्त्यावर गाडी काढायला याच्यासारखा दुसरा नव्हता. ती राखी गाडी त्याने पाच वेळा नेली. एरवी दोनदा नेतात."

ताईच्या हातात कार्ड होतंच. पाच चाचण्या, पाच तारखा. परत आल्यावर डावीकडे जास्त भरलेले किलो: तीन, सात, बारा, सोळा, एकवीस. भिंतीवर त्याच पाच तारखा होत्या. वर पहिला आकडा एकाहत्तर, आणि त्याखाली अडुसष्ट, चौसष्ट, एकोणसाठ, पंचावन्न, पन्नास. तिने दोन्ही याद्या पुन्हा पुन्हा ताडून पाहिल्या. नंबर ताडणं हेच तर तिचं काम होतं.

"पन्नासच्या खाली काय?"

"खाली काही नाही. गाडी गिऱ्हाइकाला पाठवून दिली, तेव्हा रडला लहान मुलासारखा. रोज फाटकाशी येऊन बसायचा. दुसरी गाडी त्याने हातात धरली नाही." काकांनी फळ्या पुन्हा नीट लावल्या. "जगला मात्र. बरीच वर्षं जगला. लोक म्हणायचे, काही खरं नाही त्याच्या जगण्यात."

५

धाकट्याच्या घरी स्वयंपाकघरात कपड्यांचा ढीग पडला होता. भावजय त्याच्या शर्टांना शिवण घालून ते लहान करत होती.

"वन्सं, तुम्हीच सांगा आता त्यांना काहीतरी," ती म्हणाली. मोठ्या नणंदेला ती गमतीने जुन्या वळणाचं वन्सं म्हणायची, आज त्या शब्दात गंमत नव्हती. "अठ्ठ्याहत्तर किलोचा माणूस. गेल्या महिन्यात चौसष्ट, काल एकोणसाठ. ताट पुसून खातात, पण अंगाला काही लागत नाही. डॉक्टरांनी रक्त पाहिलं, फोटो काढले, काही नाही म्हणे."

"गाडी विकायला सांग."

"सांगितलं की. तीन दिवस बोलले नाहीत माझ्याशी." तिने सुई कापडात खोचली. "शाळेतून चारला येतात आणि सहापर्यंत गॅरेजमध्ये बसतात. गाडी चालूही करत नाहीत. मी चहा घेऊन जाते तर म्हणतात, ठेव बाहेर. माझं काही चुकलं का हो?"

ताई गॅरेजमध्ये गेली. धाकटा स्टिअरिंगमागे बसला होता, हात मांडीवर. शेजारची सीट रिकामी होती. तिच्यावरचं कातडं मध्ये दबलं होतं.

"उतर," ताई म्हणाली. "आत्ताच्या आत्ता उतर. तुला काय होतंय ते कळतंय का?"

"कळतंय," तो शांतपणे म्हणाला. त्याचा आवाज उशीतून आल्यासारखा येत होता. "ताई, तू रागावू नकोस. इथे बरं वाटतं. आयुष्यात कुणी इतकं नीट ऐकून घेतलं नव्हतं माझं."

"कोण ऐकतं?"

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग शेजारच्या सीटकडे, आणि संकोचून हसला. चारचौघांत घरातली गोष्ट काढली की माणूस हसतो तसा.

ताईची आई गेली तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि हा पाच. त्याच्या नाकाला हात लावून तिने रात्री काढल्या होत्या, श्वास चालू आहे ना हे बघत. त्याच्यासाठी तिने लग्न केलं नाही, असं लोक म्हणायचे आणि तीही नाही म्हणायची नाही. गॅरेजच्या दारात उभी राहून ती रडली. धाकटा गाडीतून उतरला नाही.

६

क्लबचा सेक्रेटरी त्याच आठवड्यात दप्तरात टपकला. गोरा, गुबगुबीत, सतत घाम पुसणारा माणूस, बोलण्यात साखर. त्या राखी गाडीवर त्याचा केव्हापासून डोळा होता. भावाचं मन वळवा, मी आज सही करायला तयार आहे, असं तो तीन वेळा म्हणाला.

ताईसमोर रजिस्टर उघडं होतं. पेन त्याच्या बाजूला सरकवायचा, एवढंच करायचं होतं. परका माणूस, स्वतःच्या तोंडाने मागतोय. तिने पेन उचललाही. तेवढ्यात त्याने खिशातून लेकीचा फोटो काढून दाखवला, हिला शेजारी बसवून फेरीला नेणार आहे म्हणाला, आणि ताईने त्याला कोपरापासून हात जोडून जिन्याच्या तोंडापर्यंत पोहोचवलं.

मग तिने दाराला आतून कडी लावली. धाकट्याच्या नावावर पट्टी धरून लाल रेघ मारली. खाली लिहिलं, 'दप्तराच्या ताब्यात,' आणि स्वतःची सही केली.  ती बावन्न किलोची होती. फार काळ पुरणार नाही, हे तिने हिशेबात धरलं होतं. पण धाकट्याला तेवढ्यात भरून यायला वेळ मिळेल, आणि आपण गेलो की पुढची ओळ मोकळी राहील, साहेबांच्या वेळी राहिली तशी.

दुसऱ्या दिवशी भावजयीचा फोन आला. पहाटे उठून त्यांनी दोनदा जेवण मागितलं, वन्सं. बोलताना ती रडत होती; ते शाळेतून यायच्या आत गाडी न्या, म्हणाली. टो करणाऱ्या ट्रकने गाडी काटाघरात आणून सोडली. काटेकाकांनी ती पाहिली, ताईच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तेलाची बुधली काट्याशेजारी ठेवून ते चाळीकडे चालू लागले. त्यानंतर ते आले नाहीत.

७

ताईला गाडी चालवता येत नव्हती. त्यामुळे आपल्याला धोका कमी, असंही तिला वाटलं होतं. बुडता माणूस काडीचा आधार शोधतोच.

पहिले दहा-बारा दिवस ती काटाघराकडे फिरकलीच नाही. मग एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, नुसतं बघून यावं म्हणून उतरली. आत मंद उजेड होता. तेलाचा आणि जुन्या कातड्याचा वास. ती गाडीत बसली आणि उजवं दार लावून घेतलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की आत येण्याआधी ती डाव्या बाजूला गेली होती. ते दार तिने उघडलं होतं, थांबली होती आणि लावलं होतं. ते करताना तिला जाणवलंही नव्हतं.

शेजारच्या सीटचं कातडं करकरलं. गाडी डावीकडे किंचित कलली.

ताईने मान वळवली नाही. धाडस नव्हतं असं नाही. वळून बघणं बरं दिसणार नाही, असं तिला वाटलं. ती समोरच्या काचेकडे बघत राहिली. काचेच्या डाव्या अर्ध्या भागावर, ताईच्या तोंडाच्या उंचीला, तळहाताएवढी वाफ धरली. विरली. पुन्हा धरली.

"कोण आहे?" तिने विचारलं.

काही नाही. वाफ धरत होती, विरत होती. मग ताई काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलली. आज सकाळी नळ गेला होता, एवढंच. वाफ एक क्षण थांबली. गोष्ट ऐकणारं माणूस हुं म्हणायला थांबतं, अगदी तेवढाच क्षण. पुढे काय, असं कुणी विचारल्यासारखं ताईला वाटलं, आणि ती पुढचं सांगू लागली. नळाचं, शेजारणीचं, आईच्या शेवटच्या दिवसांचं. एका माणसाचं, जो तिला सव्वीस वर्षांची असताना विचारायला आला होता आणि जिन्यातूनच परत गेला. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. धाकट्यालाही नाही. त्याने विचारलंच नव्हतं.

वर टेबलावर फोन वाजत होता. वाजून वाजून तो बंद झाला.

८

तीन महिन्यांनी धाकटा दप्तरात आला. अंग भरलं होतं, गालांवर रंग होता, शर्ट पुन्हा उसवून मोठे केलेले. ताईला पाहिलं आणि तो दारातच थांबला. ती खुर्चीत दोन उशा घालून बसली होती, हाडं टोचायची म्हणून.

"तू काय केलंस हे," तो म्हणाला. "मला कळलं नाही असं वाटलं तुला? रजिस्टर काढ."

"कशाला?"

"माझं नाव परत लाव. माझं दुखणं होतं ते, मी घेतो. मी तरणा आहे अजून, आणखी काही महिने काढीन, तोवर काहीतरी मार्ग काढू. तू एक वर्षभर खा, पी, बरी हो." तो जवळ आला. "ताई, तू मला आईसारखी आहेस. तुला अशी बघून मी घरी जेवायचं कसं?"

ताईने रजिस्टर टेबलाच्या खणात सरकवलं, कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत धरली. माझ्या लेकरावर ही पाळी येऊ द्यायची नाही, असं काहीतरी ती बोलली. बोलायला हवं होतं म्हणून बोलली. मनात तसं काही नव्हतं. आपलं काही कुणी मागायला आलं की चढतो तसा राग होता, आणि एक शंका, की हा खरंच माझ्या जिवासाठी आलाय, की काटाघराची किल्ली हवीय याला. त्याची नजर जिन्याकडे दोनदा गेली होती. तिने मोजली होती.

धाकटा खाली बसला. तिच्या मांडीवर डोकं ठेवून तो रडू लागला. पाच वर्षांचा होता तेव्हा असाच रडायचा. धाकटा म्हणजे ताईचा जीव की प्राण, हे सगळ्या जगाला ठाऊक होतं. तिने सवयीने त्याच्या केसांतून हात फिरवला. हात फिरवताना तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. जेवणाच्या सुट्टीतली दहा मिनिटं याने खाल्ली होती, आणि खाली कुणीतरी केव्हापासून थांबलं होतं.

"उगी," ती म्हणाली, आणि तो कधी उठतोय याची वाट पाहत राहिली.